छेदाचे अवयव

दहावीचं गणित मी दोनदा घालवलं. लहानपणी नव्हे हो, पदरात नववीतली लेक असताना! अंगणवाडीत मी मदतनीस होते. सेविकेची जागा रिकामी होणार होती आणि दहावी पास झाले तरच ती मला मिळणार होती. म्हणून तिसऱ्यांदा बाहेरून बसले. हीच शेवटची खेप, असं घरात सांगून टाकलं होतं.

आमच्या भिंतीला लागूनच कापड विणायच्या लूमची शेड. खडखड चालू असली की डोक्यात आकडा टिकायचा नाही. दुपारी लोडशेडिंग झालं की लूम बंद पडायचे, सगळी गल्ली वैतागायची आणि मी वही उघडायची. शिकवायला लेकच.

गाडं अडलं अपूर्णांकांच्या बेरजेत. एकाचा छेद x² + 5x + 6, दुसऱ्याचा x² + 3x + 2, दोन्हींच्या वर नुसता एक. मी सरळ छेदाला छेद गुणायची. पानभर पसारा व्हायचा आणि त्यात कुठलं तरी पद गळायचं. लेक म्हणायची, आधी अवयव पाड. पहिल्याचे (x + 2)(x + 3), दुसऱ्याचे (x + 1)(x + 2). आता (x + 2) दोघांत आहे, तो लसावित एकदाच घ्यायचा. मला काही पटेना. दोघांकडे आहे तर दोनदा नको का घ्यायला? दोन चुलींना काडेपेटी एकच पुरते ना, असं ती म्हणाली, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. तोवर मी कितीदा वही आपटली असेल. तुला शिकवताच येत नाही, असं खुशाल बोलायची. ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

परीक्षेत नेमकं तसलंच गणित आलं. अवयव पाडले, सामायिक कंस एकदाच घेतला. वर 2x + 4 आलं. त्यातून दोन बाहेर काढले तर आत परत x + 2! वरचा-खालचा उडवला. खाली (x + 1)(x + 3) उरलं, वर नुसते दोन. एवढंसं उत्तर बघून सगळ्या पायऱ्या परत तपासल्या.

निकालाच्या दिवशी सायबर कॅफेवाल्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली. गणितात पास. काठावर, पण पास! हुश्श झालं. मी हसतच सुटले आणि बघते तर लेक रडतेय. काय झालं गं बाय, म्हणून विचारलं.

"तू परत नापास झाली असतीस ना आई, तर ते माझ्यामुळे झालं असतं."

एवढे महिने पोर हे मनात घेऊन मला शिकवत होती. तिथेच, अनोळखी पोरांच्या देखत, मी तिची माफी मागितली. जन्मात कुणाची मागितली नव्हती.