तीन खुंट्या

"अर्धं आज, अर्धं उद्या," असं म्हणायचा, एक डोळा मिटायचा नि कॅमेऱ्यापुढं काळा पुठ्ठा धरायचा. असला माणूस तुमच्या अंगणात आला असता तर तुम्ही पण दार लावून घेतलं असतं.

मुंबईचा होता, शेजारच्या होमस्टेत उतरलेला. कॅमेरा जुना, सिनेमाचा, चावी देऊन चालणारा. मला तो दिराचाच माणूस वाटला. वादळात पोफळी आडव्या झाल्या, पाठोपाठ घरधनी गेला, तवापास्नं दीर मागं लागलाय, वाडी विकू म्हणून. मी न्हाय म्हणते नि एकटी राबते.

"कुणी धाडला रे तुला?"

"कुणी नाही, मावशी. एकाच चित्रात तुम्हाला दोनदा दाखवतो. आज सुपारी सोलताना. मग फिल्म मागं गुंडाळायची नि उद्या तिच्यावरच पाणी काढताना. दोघांचं काम एकट्या करता ना?"

"माझी चेष्टा करतोस व्हय?"

"बसा तर खरं."

पुठ्ठ्यानं त्यानं अर्धं अंगण झाकलं. मी सोलत बसले, पण नजर त्याच्या हातावर. जाताना स्टँडच्या तीन पायांशी त्यानं तीन खुंट्या ठोकल्या. "उद्या स्टँड इथंच हवं. केसभर हललं तर चित्र मोडतं."

जमीन मोजणीच्या खुंट्या मी काय आज बघते? त्याची पाठ वळली तशा उपटल्या, चुलीत घातल्या नि भोकांवरनं शेणानं सारवून टाकलं.

सकाळी आला. ओलं अंगण बघितलं, मग माझं तोंड. "सारवलंत छान," एवढंच बोलला. अंदाजानं स्टँड लावलं, पुठ्ठा दुसऱ्या बाजूला धरला. मी रहाटानं पाणी ओढलं.

दोन महिन्यांनी सिनेमा दाखवायचं मशीन घेऊन आला, पडवीच्या भिंतीवर दाखवलं. खरंच दोन मी. एक सोलते हाय, एक पाणी ओढते हाय. पण मधोमध घर तुटलेलं. कौलं इकडं खाली, तिकडं हातभर वर. वाटणी झाल्यागत.

"खुंट्या मी उपटल्या," मी म्हटलं.

"तेव्हाच कळलं. मोजणीच्या वाटल्या ना? विचारून ठोकायला हव्या होत्या मी." त्यानं तीन नव्या खुंट्या नि हातोडी माझ्याच हातात दिली. "आता तुम्ही ठोका. पुढच्या वेळी घर नीट काढू."

त्याला दोन पावसाळे झाले. होमस्टेवाला म्हणतो, त्याचा फोन लागत न्हाय.

परवा दीर आला. "ह्या खुंट्या कुणी मारल्या, वहिनी?"

"मी," म्हटलं, नि त्यांच्या कडेकडेनं सारवत राहिले.