रिकामी हाळी

बीडमध्ये मी एका कचेरीत कारकून होतो आणि हौसेने नकला करायचो. एसटीचा कंडक्टर, कोर्टातला वकील, नव्यानेच आलेल्या केबलवरचा बातम्या देणारा, सगळे जमायचे. पण लोक खरे खूश व्हायचे ते शेवटी, मेंढरांच्या हाळीला.

ती हाळी आमच्या घरची. दादा, म्हणजे माझे वडील, युसूफ वडगाव या गावाच्या बाजूला मेंढरं राखायचे. त्यांना ती त्यांच्या बापाकडून आली होती. जिभेची टकटक, मग पोटातून काढलेला लांब 'ह्योऽऽ' आणि शेवटी दोन आखूड शिट्ट्या. प्रत्येक घराची हाळी निराळी, आणि मेंढरू आपलीच ओळखतं. हाळी दिली की मेंढराला काहीतरी मिळालंच पाहिजे, हा दादांचा नेम होता. मिठाचा खडा, पाला, पाणी, काहीच नसलं तर पाठीवर हात. रिकामी हाळी द्यायची नाही. लहानपणी मी एकदा गंमत म्हणून दिली, तर दादांनी मला धावत आलेल्या एकेका मेंढराच्या पाठीवरून हात फिरवायला लावला. सगळी संपेपर्यंत जेवायला मिळालं नाही.

आणि तीच हाळी मी मोठा शहाणा होऊन बीडच्या हॉलांमधून वाटत सुटलो. साहेब लोक घरी जेवायला बोलवायचे, पाहुण्यांसमोर उभं करायचे, "काय गळा आहे हो" म्हणायचे. मीही शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू. पण खोलीवर येऊन पडलो की घोंगड्याचा तो ओला, उग्र वास आठवायचा आणि रडू यायचं. रविवारी घरी जावं, असं ठरवायचो. रविवारी कार्यक्रम असायचा. दर वेळी मी कार्यक्रमालाच गेलो.

असेच तीन महिने गेले, आणि घाटनांदूरकडच्या एका शाळेने स्नेहसंमेलनाला बोलावलं. जानेवारीतली दुपार होती. आधी शाल, नारळ, सत्कार, मग नकला. लिंबाला बांधलेला कर्णा मी येतानाच पाहिला होता. मी मेंढक्याचा पोरगा, पण तो कर्णा किती लांब ऐकू जाईल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. हाळी दिली. पोरं म्हणाली, पुन्हा. मी तीनदा दिली.

तिसऱ्यांदा मागच्या रांगेतली पोरं उठून उभी राहिली. ओढ्याच्या बाजूने मेंढरं येत होती. मधल्या, घाटे धरलेल्या हरभऱ्यातून सरळ शाळेकडे. म्होरकी मी लगेच ओळखली, कान फाटलेली. दादा त्या वर्षी मेंढरं घेऊन चारणीला इकडे उतरले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

लोकांना काय, मौज वाटली. "मेंढरंसुद्धा फसली," म्हणत त्यांनी टाळ्या पिटल्या. मागून दादा धापा टाकत आले. पायात एकच चप्पल होती. हरभरा ज्याचा होता त्यानेच मघाशी मला शाल पांघरली होती. तो मंडपातून उठून दादांच्या अंगावर गेला.

"झोपला होतास का बे?"

दादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. शाल पाहिली, नारळ पाहिला.

"व्हय मालक. डोळा लागला. म्या चुकलो."

उभ्या आयुष्यात मेंढरांमागे दादांचा डोळा कधी लागला नव्हता. माइक माझ्याच हातात होता. हे माझे वडील आहेत, चूक माझी आहे, एवढंच बोलायचं होतं. मी बोललो नाही. दादा हात जोडून उभे होते आणि मी नारळ धरून उभा होतो. मग ते मेंढरं हाकत ओढ्याकडे गेले. मी आणखी एक नक्कल केली. केली मी, होय.

उन्हाळ्यात मेंढरं घरी परतली तेव्हा मी माफी मागायला गेलो. शब्द सापडेनात, म्हणून मुठीत मीठ घेऊन माळावर गेलो आणि हाळी दिली. पुरी, पोटातून. एकाही मेंढराने मान वर केली नाही. त्या फाटक्या कानाच्या म्होरकीनेसुद्धा नाही.

मग दादांनी तोंडाने काहीतरी आखूड, मला अनोळखी असं केलं, आणि सगळी त्यांच्याभोवती गोळा झाली.

"कावून येईनात हो दादा?" मी विचारलं.

"ती तुला दिली," दादा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुला तिकडं लागती. लोकांला लई आवडती म्हन. आमी दुसरी केली."

मला ती नवी शिकवा म्हणायचं धाडस झालं नाही. दादांनी हात पुढे करून माझ्या मुठीतलं मीठ मागून घेतलं आणि मेंढरांना वाटून टाकलं.