पळून न्हाई आले

फौजीनकाकू युद्धाचा पिक्चर बघायला बसल्या की हिरोकडे बघतच नसत. त्यांची नजर पडद्याच्या कडेला. हिरो गोळ्या झाडत डोंगर चढायला लागला, सगळे श्वास रोखून बसले, की काकूंचं बोट वर व्हायचं. "तो बघ, मागं पडला तो. त्याला उचललं का कुणी? न्हाई ना? चालले पुढं!" पिक्चर संपेपर्यंत पडलेल्यांची अशी चौकशी चालू असायची. शेजारी बसणाऱ्याला वैताग यायचा. सुरुवातीला मलाही यायचा.

तेलगावच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेतली. नवरा फौजेत होता म्हणून अख्खं गाव त्यांना फौजीनकाकू म्हणायचं. मी राहायला गेले तेव्हा फौजीकाका वारून काही वर्षं झाली होती. कापसाचं रान काकू एकट्या बघत. बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातला माणूस मान वर करी, असा आवाज.

काका तरुणपणी एका डोंगरावरच्या चौकीच्या लढाईत होते. पहिला हल्ला त्यांच्या तुकडीचा. तो फसला. माघारी फिरायचा हुकूम आला आणि उरलेली माणसं जखमींना घेऊन खाली उतरली. काकांच्या पाठीवर त्यांचा दोस्त होता. पायथ्याशी उतरवला तेव्हा तो गेलेला होता. पुढे दुसऱ्या तुकडीने ती चौकी जिंकली. काका सुट्टीवर आले की पारावरची माणसं विचारत, "फौजी, किती मारले?" काका सांगत, "एकाला खाली आणलं." मग कुणीतरी पावसापाण्याचा विषय काढी.

तो बदललेला विषय काकूंना आयुष्यभर सलला. म्हणून त्या लागेल तो युद्धाचा पिक्चर बघत, आणि प्रत्येक वेळी चिडून उठत. त्यांचं एक म्हणणं मी तेव्हापासून विसरलेले नाही. त्या म्हणत, "पिक्चरमधी हरायचं असलं की कुणीतरी नालायक लागतोच. न्हाईतर फितूर. न्हाईतर भेकड साहेब. तो सापडला की लोकायला बरं वाटतंय. आमच्या मालकाच्या टायमाला कुणीच नालायक न्हवता बघ. साहेब चांगला, पोरं चांगली. तरी हरले. हे दाखवायला कावून जीव जातोय ह्यांचा?"

मग त्याच चौकीवरचा पिक्चर आला. परळीला लागला. काकूंनी मला सुट्टी काढायला लावली आणि स्वतः ठेवणीतलं लुगडं नेसल्या. मी हसले तर म्हणाल्या, "मालकाचा पिक्चर हाय. अशीच कशी जाऊ?"

दुपारचा खेळ भरलेला होता. पहिला हल्ला कधी सुरू झाला आणि कधी संपला ते कळलंसुद्धा नाही. शिपाई बंदुका टाकून डोंगरावरून पळत खाली येतात, आणि खाली उभा असलेला हिरो त्यांच्याकडे बघून थुंकतो. थिएटरमध्ये शिट्ट्या वाजल्या. पाठीमागे कुणीतरी जोरात हसलं.

काकू उठल्या. मला वाटलं, बाहेर निघाल्या. त्या सरळ पुढे गेल्या आणि पडद्यासमोर, लोकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. लुगड्यावर तोफा फुटत होत्या, तोंडावर आगीचा उजेड हलत होता.

"पळून न्हाई आले!" त्या ओरडल्या. "माणसं पाठीवर घेऊन आले! माझा मालक होता त्याच्यात!"

"ए म्हातारे, बाजूला हो!"

"न्हाई होत. कावून होऊ? तिकीट मी बी काढलंय."

अखेर दिवे लागले. मॅनेजर धावत आला, हात जोडून म्हणाला, "काकू, पिक्चर हाय. पिक्चरमधलं खरं नसतंय."

"मग चौकीचं नाव खरं कावून घेतलं?"

आम्ही तिथूनच निघालो. परतीच्या बसमध्ये काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. सिरसाळ्याला बस थांबली तेव्हा हळूच म्हणाल्या, "पोरी, थुंकला तो. मालकावर थुंकला." त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

थिएटरात कुणीतरी मोबाईलवर ते सगळं टिपलं होतं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं आणि गावातले तरुण पुढारी, ज्यांना सगळे भैय्या म्हणत, चार पोरं घेऊन आमच्या ओट्यावर आले.

"काकू, लोक म्हणतेत तुमी फौजेचा अपमान केला. दोन शब्द माफीचे बोला. मी व्हिडिओ टाकतो, विषय संपला."

काकू सुपात धान्य पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "फौज माझ्या घरात राहत होती बे. तिची कापडं धुतलीत मी. मला सांगतो का फौज?"

"तसं न्हाई काकू, पण लोक..."

"जिंकलेली फौज तुमची. अन् हरलेली कुणाची? माझ्या एकटीची? असू दे. मी संभाळते."

भैय्या चहा न घेताच गेले. माफी काही झाली नाही. गिरणीवर दोन बायका काकूंशी बोलेनाशा झाल्या, एका पोराने भिंतीवर काहीबाही लिहिलं. काकूंनी ते पुसलं नाही. "वाचू दे लोकायला," म्हणाल्या.

त्या जानेवारीत मुख्याध्यापकांनी मला सव्वीस तारखेसाठी देशभक्तीचं काहीतरी बसवायला सांगितलं. मी काकूंना शाळेत घेऊन गेले. मुलांना आम्ही तो पहिला हल्लाच करायला लावला. बाकांवर बाकं रचून डोंगर केला. जखमी माणूस पाठीवर कसा घ्यायचा ते काकू शिकवीत. त्यांना कसं माहीत, विचारलं तर लाजल्या. काकांनी एकदा अंगणात त्यांनाच पाठीवर घेऊन दाखवलं होतं.

सव्वीसच्या सकाळी सगळं गाव मैदानावर होतं. पहिल्या रांगेत भैय्या. मुलं चढली, पडली, एकमेकांना घेऊन खाली आली. वर झेंडा लागला नाही, गाणं वाजलं नाही. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते लोकांना कळेना. तेवढ्यात दिसलं, चौथीतलं एक पोरगं वर बाकावरच पडून राहिलं होतं. घाबरून गेलं होतं बिचारं. त्याला उचलणारा त्याला विसरून खाली आला होता. लोक हसायला लागले.

काकू खुर्चीतून उठल्या. "हसू नका," म्हणाल्या. "एक अजून वर हाय."

खाली आलेल्यांतली दोन मुलं आपण होऊन परत फिरली, बाकं चढली आणि त्याला सांभाळून खाली घेऊन आली. तालमीत हे नव्हतं. त्याला जमिनीवर ठेवलं तेव्हा गिरणीवर न बोलणारी एक बाई पदर डोळ्याला लावून उभी होती. भैय्या उभे राहिले. का, ते मला माहीत नाही. पण ते उभे राहिले तसे बाकीचेही राहिले.

त्याच वर्षी पावसाळ्यात काकू गेल्या. सकाळी रानात गेल्या, दुपारी छातीत दुखायला लागलं, अंबाजोगाईच्या दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत. माझी बदलीची संधी आली होती, ती मी घेतली नाही.

पुन्हा जानेवारी आला. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. वरून निरोप आला होता, या वर्षी जिंकल्याचं काहीतरी दाखवा. सर भले माणूस; चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, एकदा तरी जिंकू द्या की पोरांना."

मी म्हणाले, "जिंकतील सर. आधी सगळे खाली येऊ देत."

बाहेर पोरांनी बाकं ओढायला सुरुवात केली होती.