काच काढता आली नाही

गजाननची बातमी आली तेव्हा मी पुलगावला एका साक्षगंधात कॅमेरा खांद्यावर घेऊन उभा होतो. अंगठ्या घालण्याचा क्षण होता आणि खिशातला फोन थरथरत होता. एका हातानं तो कानाला लावला. पलीकडून गजाननची धाकटी बहीण मंदा बोलत होती. "दादा, भाऊ गेला. तुम्ही या." एवढंच. त्या चित्रीकरणात नवरीच्या बोटाऐवजी दीड मिनिट नुसता गालिचा दिसतो. त्या लोकांनी नंतर तक्रार केली आणि बरोबरच केली. कावीळ त्यानं अंगावर काढली होती. दवाखान्यात चार दिवस होता, पण तो इतक्या लवकर जाईल असं मला वाटलं नव्हतं... निदान मला सांगायचं ते सांगून होईपर्यंत तरी थांबेल, असं मी गृहीत धरलं होतं. माणूस असं गृहीत धरतो आणि तोंड मिटून बसतो. आता महिना उलटून गेलाय, म्हणून लिहायला बसलो आहे.

वर्ध्यात माझं लग्नाच्या व्हिडिओचं, म्हणजे आमच्या भाषेत मिक्सिंगचं दुकान. नव्वदच्या दशकात गजानन दुकानांच्या काचांवर अक्षरं रंगवायचा. माझ्या दाराची काच रंगवायला आला, 'शुभमंगल' एवढं लिहिलं आणि आतल्या पडद्याकडे बघत उभा राहिला. पडद्यावर नवरीचं तोंड कमळात उमलत होतं. त्या काळी आमची अक्कल कमळ, बदाम आणि उडती पाखरं याच्यापुढे जात नव्हती. तो म्हणाला, "हे काऊन करून राह्यले तुम्ही? कमळात बाई मावते का?" मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी तो परत आला, तिसऱ्या दिवशीही आला, आणि मग कायमचाच राहिला. घर नालवाडीला. मागं वांगी-पालकाची वाडी, आई सकाळी बाजारात भाजी घेऊन बसायची. वडील केव्हाच गेले होते. शेतीत त्याचा हात चालत नव्हता आणि आईनं त्याला त्यावरून कधी टोकलं नाही.

दुकानात कॉम्प्युटर आला आणि गजानन हातचा गेला. पडद्यावर हलती अक्षरं, हलती चित्रं करायचं सॉफ्टवेअर त्यानं एकट्यानं, चुकत-माकत शिकून घेतलं. मात्र त्याला हवी होती काच. नुसती चमकणारी नाही. मागचं चित्र वाकवणारी, खरी. न्हाणीघराच्या खिडकीला असते तशी दाणेदार काच त्यानं विकत आणली, तिच्यामागं दिवा धरून मला तिचं चित्रीकरण करायला लावलं. त्या चित्राचा रंग काढून त्यानं काळं-पांढरं केलं. मग मला समजावलं, "पाहा, जिथं पांढरं हाये तिथं मागचं चित्र इकडं सरकते, काळं हाये तिथं तिकडं सरकते. मधला राखाडी असला का जागचं हालत नाई. बस, झाली काच." मला काही कळलं नाही, पण पडद्यावर नवरा-नवरी खरोखर पावसाळी खिडकीतून पाहिल्यासारखी हलत होती. सिंदी मेघेपासून पुलगावपर्यंत लोक यायला लागले, "ते काचवाली कॅसेट पाह्यजे" म्हणून. मी छाती फुगवून बसायचो, जसं काही मीच केलंय.

मंदाचं लग्न आलं. हळदीच्या दिवशी मी कॅमेरा घेऊन अंगणात फिरत होतो. काकू, म्हणजे गजाननची आई, जन्मभर फोटोपासून पळालेली बाई. मतदानाच्या कार्डावर होता तेवढाच तिचा फोटो, आणि त्यात ती चोरासारखी दिसायची. कॅमेरा वळला की पदर तोंडावर. "मले नको घेऊ बाप्पा, साडी धड नाई." तेव्हा गजानन तिच्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "माय, मी तुले काचेमागं ठेवतो. कोणाले दिसत नाई तू." ती हसली. पदर खाली आला. हात ओले होते ते तिनं लुगड्याला पुसले आणि सरळ माझ्याकडे बघून पुन्हा हसली. वीसेक सेकंद असतील. त्यानं शब्द पाळला. लग्नाच्या तयार व्हिडिओत काकू दाणेदार काचेमागं आहे. हसू कळतं, तोंड कळत नाही. काकूनं पाहिलं आणि खूश झाली. "असंच पाह्यजे," म्हणाली.

सहा महिन्यांत ती तापानं गेली. तेरवीला फोटो हवा होता. गजानन म्हणाला, "ते कोरी कॅसेट काढ बरं, हळदीची. त्यातून फोटो घेतो." कोरी म्हणजे काच न लावलेली, कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट.

आता आमच्या धंद्याची रीत सांगतो. गिऱ्हाइकाचा व्हिडिओ तयार होऊन पसंत पडला की मूळ कॅसेट आम्ही पुन्हा वापरायचो, त्यावरच दुसरं लग्न भरायचो. पसंती येईपर्यंत तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव असायचं. नाव नसलेली कॅसेट म्हणजे मोकळी. गजाननच्या घरच्या कॅसेटवर कुणीच नाव लिहिलं नव्हतं. घरच्याच कॅसेटवर नाव कोण लिहितो? काकू असतानाच मी ती उचलून सिंदी मेघेच्या एका वरातीला घेऊन गेलो होतो. तेरवीच्या आदल्या दिवशी कॅसेट लावून पाहिली, तर काकूच्या जागी घोडी नाचत होती. कॉम्प्युटरमध्ये उतरवलेली प्रत तर जागा करायला कधीच पुसून झाली होती. बाहेर येऊन मी म्हणालो, "सापडत नाही रे." खोटं बोलायला मला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत.

तेरवीला मतदानाच्या कार्डावरचाच फोटो मोठा करून लावला. त्यानंतर गजाननचं एकच काम राहिलं... काच काढायची. "जितकं सरकवलं तितकंच उलटं सरकवायचं," तो म्हणायचा, "माह्यीच काच हाये, मले नाई ठाऊक का तिचा रस्ता?" त्यानं तेच काळं-पांढरं चित्र उलटं केलं. कपाळ सरळ झालं, हनुवटी जागेवर आली, आणि डोळ्याच्या जागी भोक पडलं. मला बोलावून दाखवलं. "चित्र म्हंजे सारे बारीक ठिपकेच. काचेत दोन ठिपके एका जागी आले का त्यातला एक मरते. दुसरा वर बसते. मेलेला मी कुठून आणू, सांग?" मला उत्तर ठाऊक होतं, म्हणजे तो ठिपका कुठं होता आणि कुणी मारला ते ठाऊक होतं. मी चहा सांगितला.

वर्षं गेली. नव्या सॉफ्टवेअरमध्ये काच आयती मिळायला लागली, बटण दाबलं की झालं; कालची पोरंही करू लागली. गजाननला त्याचं सुखदुःख नव्हतं. त्यानं लग्नाची कामं सोडली, स्वतःचं लग्न केलं नाही, जुना कॉम्प्युटर नालवाडीच्या घरी नेला. मी जायचो तेव्हा पडद्यावर काकूच्या तोंडाचं नाहीतर गालाचं नाहीतर नुसत्या पापणीचं चित्र असायचं. मी आपला हवापाण्याच्या गोष्टी करून उठायचो. मित्र म्हणवायचो स्वतःला.

दवाखान्यात मी शेवटचा भेटलो तेव्हा तो पिवळा पडला होता. आपणहून म्हणाला, "सुधाकर, ते कॅसेट हारपली नाई. कोणीतरी दुसरं लग्न भरलं तिच्यावर. चूक माह्यीच हाये. नाव लिहायले पाह्यजे होतं मी." मी त्याच्या पायावरची चादर नीट केली. मला भित्रा म्हणा, त्याहून वाईट काही म्हणा, मी हो म्हणेन.

दिवस झाल्यावर मंदानं मला कॉम्प्युटर उघडून बघायला बोलावलं. आत एकाच फायलीच्या शेकडो आवृत्त्या. शेवटची लावली. काच नव्हती. एक बाई हात पुसत समोर बघून हसत होती, तोंड स्वच्छ, एक ठिपकाही जागचा हललेला नाही. मला भरून आलं. जमलं की रे तुला, असं मनात म्हणतोय तोवर मंदा म्हणाली, "हे आई नाई होय." तिनं पडद्याजवळ तोंड नेलं. "हा डावा डोळा माह्या हाये, दादा. अन् हे ओठ... हे कोनाचे हायेत?" ओठ आमच्याच कुठल्या तरी लग्नातल्या बाईचे असावेत. मेलेल्या ठिपक्यांच्या जागी त्यानं जिवंत माणसांचे ठिपके आणून लावले होते. एकेक करत, इतकी वर्षं, आणि शेवटी तिथं दुसरीच कुणीतरी येऊन बसली होती. त्याला ते कळलं होतं की नाही, कोण जाणे.

कॉम्प्युटर मी दुकानात घेऊन आलो. आठ दिवसांनी मंदाचा फोन आला. "दादा, थे फाइल पुसून टाका. आता आई आठवाले गेली का तेच तोंड येते. खरं येतच नाई." तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. वरात, घोडी, 'सापडत नाही' म्हणालो ते, चादर नीट केली ते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पयली बी तुम्हीच पुसली ना? मंग हे बी तुम्हीच पुसा."

रोज सकाळी दुकान उघडलं की गजाननचा कॉम्प्युटर सुरू करतो. ती बाई हात पुसते, मंदाच्या डोळ्यानं माझ्याकडे बघते, हसते. वीस सेकंदांनी थांबते. मी अजून पुसलेलं नाही.