कद्दूर करणे

भट्टीवाला बा कद्दूर घरोघरच्या कणकेतून चिमूटभर चोरतो आणि त्या चिमटींवर त्यानं गावाकडे दुमजली घर बांधलंय, अशी कुजबुज फेस शहरातल्या आमच्या गल्लीत होती. कुजबुज चवदार, त्यामुळे पसरली.

कणीक घरी मळायची, गोल थापून फळीवर ठेवायची आणि फळी कद्दूरच्या भट्टीत न्यायची, ही आमची रीत. त्या हिवाळ्यात रोट्या बसक्या, एवढ्याशा होऊन परत येऊ लागल्या. बायका पलीकडच्या गल्लीतल्या भट्टीकडे वळल्या. असंच चालतं तर कद्दूरला भट्टीला कुलूपच घालावं लागलं असतं. त्याला एका जागी बसवेना. फळी आली की तळवे उघडून दाखवायचा, उगाच दारापर्यंत जाऊन यायचा, बाहेर कोणी हसलं की विचारायचा, "माझ्यावरनं का?"

शेवटी लल्ला झहूर स्वतः येऊन बसल्या. लल्ला म्हणजे बाईसाहेब, आणि या बाईंच्या जिभेला अख्खी गल्ली टरकून. आधी नंबर लागावा म्हणून फळी थेट भट्टीच्या तोंडाशी.

"कद्दूर, आज मी डोळा मिटणार नाहीये."

"नका मिटू, लल्ला. फक्त फळी जरा मागं घ्या. कणीक सुकतेय."

"मागं अंधार आहे. तिथं तुझा हात बरा पोचेल, नाही का?"

रोट्या बाईंच्या डोळ्यांदेखत आत गेल्या आणि डोळ्यांदेखत बसक्या होऊन बाहेर आल्या.

"जादू येते मेल्याला," बाई म्हणाल्या, पण आवाजात दम नव्हता.

तेवढ्यात गल्लीतल्याच तामूच्या रोट्या निघाल्या. ती उशिरा आलेली. पुढं जागा नव्हती म्हणून फळी पार दारापाशी ठेवलेली. रोट्या टम्म.

"लल्ला, माझ्यातली चोरायला विसरला वाटतं हा," तामू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी झहूरबाईंची फळी दारापाशी होती आणि तिच्यामागे सगळ्या गल्लीच्या. माफी कोणी मागितली नाही. बोलीत मात्र एका शब्दाची भर पडली. विनाकारण बोल लावणं म्हणजे कद्दूर करणं. सून सासूला म्हणते, "मीठ तुम्हीच घातलंत, मला कद्दूर करू नका." शिंपी म्हणतो, "पोट तुमचं वाढलं, कद्दूर मात्र मला करताय." भट्टीपाशी बसलेला कद्दूर आपलं नाव ऐकून अजून दचकतो आणि तळवे उघडतो.

खरं एवढंच, की त्या हिवाळ्यात उबेपायी सगळ्यांच्या फळ्या भट्टीच्या तोंडाशी लागायच्या, तिथं कणीक वरून सुकायची आणि रोटी फुगत नसे. कद्दूरनं कधी काही घेतलं नाही. गावाकडचं दुमजली घर त्याच्या मेहुण्याचं आहे.