असा कुणी हितं राहत न्हाय

अणुचाचण्या झाल्या त्या वर्षी बाहेरच्या देशांनी आपल्यावर आर्थिक निर्बंध घातले आणि माझ्या प्रबंधाला पहिल्यांदाच भाव आला. मी तेव्हा बारामतीत अर्थशास्त्र शिकवायचो, जळोचीत खोली घेऊन राहायचो. निर्बंधांवरचा माझा प्रबंध तोवर फक्त टायपिस्टनं वाचला होता, तोही पोटासाठी. अशात दिल्लीची जाहिरात आली. या विषयातली माणसं तातडीनं हवी होती. नेहमीच्या परीक्षेत दोन वर्षं जातात, म्हणून मुलाखत, पोलीस पडताळणी आणि थेट नेमणूक असा खास अधिकार सरकारनं घेतला होता, तोही थोड्या मुदतीचा. ती नोकरी मला इतकी हवी होती, की फळ्यावर लिहिताना मी मनानं दिल्लीत असायचो.

शनिवारच्या एसटीनं घरी गेलो. आमची वस्ती अंथुर्ण्याच्या अलीकडं. वडील, म्हणजे आबा, दारात बसले होते. त्यांना जाहिरातीचं सांगितलं.

"निर्बंध म्हंजी काय रं?"

माल द्यायचा नाही, घ्यायचा नाही, व्यवहार तोडायचा, असं मी समजावलं. आबा हसले.

"वाळीत टाकल्यागत. मग त्ये आमाला इचार की! आमी धम्म घेतला तवा गिरणी बंद, दुकान बंद. आमी दळण शेजारच्या गावाला न्यायचो. दोन म्हयन्यांनी दुकानदारच दारात आला, 'माल न्या' म्हणत."

दिल्लीच्या मुलाखतीत मला विचारलं, निर्बंध मोडतात कसे? मी प्रबंध बाजूला ठेवला आणि त्या दुकानदाराची गोष्ट सांगितली. मधल्या साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. पंधरवड्यात निवडीचं पत्र आलं. आता फक्त पडताळणी राहिली होती, आणि अर्जात पत्ता मी घरचा दिला होता.

पुढं एका शनिवारी स्टँडवरून पेढे घेऊन घरी गेलो, तर आबांनी मला बाजूला घेतलं. चेहरा नुसता फुललेला.

"पोलीस ठाण्याचा माणूस आल्ता. तुझं नाव घिऊन इचारत हुता. म्या म्हणलं, असा कुणी हितं राहत न्हाय. समद्या वस्तीनं बी तेच सांगितलं."

पूर्वी एका मोर्चानंतर चुलत्याला पोलीस घरातून घेऊन गेले होते. तेव्हापासून वस्तीचा रिवाजच पडला होता, खाकीनं विचारलेला माणूस इथं राहत नसतो. आबांनी माझा पदवीचा फोटोसुद्धा भिंतीवरून काढून ज्वारीच्या कणगीत लपवला होता. मला राग आला, आणि तो माझाच आला. पोलीस चौकशीला येतील, एवढं एक वाक्य हा निर्बंधांचा पंडित घरी सांगायला विसरला होता.

सोमवारी इंदापूरचं पोलीस ठाणं गाठलं, पण अहवाल पुढं गेला होता. दिल्लीचं पत्र आलं, 'उमेदवार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.' मी खुलासे पाठवत राहिलो. तेवढ्यात त्या अधिकाराची मुदत संपली.

आबा दर शनिवारी विचारायचे, "दिल्लीचं काय झालं?" शेवटी एकदा मी खोटं बोललो. म्हटलं, निर्बंधच उठले आबा, आता माणसं लागत नाहीत.

आबांनी कणगीतला फोटो काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा खिळ्याला लावला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "नोकरी गेली तर गेली. वाळीत टाकल्यालं कुणी का आसंना, सुटलं म्हंजी बरं वाटतं."