राखेने घासलेली बाटली

बदलापूरच्या पलीकडे, बारवी धरणाच्या अंगाला, मावशीचा पाडा आहे. लहानपणी मी तिथल्या विहिरीत आभाळ बघायला जायची. कठड्यावर पालथं पडून डोकावलं की हिरव्या पाण्यात ढग सरकायचे आणि त्यांच्या मधोमध माझं तोंड. आजही बेलवलीच्या माझ्या घरात दुपारी डोळा लागला की मी अलगद त्या पाण्यात उतरते.

पोटापाण्यासाठी मी पाणीच तपासते. नमुन्याची बाटली दोन दिवस ठेवायची, पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू आहेत असं समजायचं. आसपासच्या किती विहिरी तपासल्या, मावशीची तेवढी राहिली होती. खरं सांगायचं तर मीच राहू दिली होती.

मावसबहीण सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली. डॉक्टरीणबाईंनी पाणी उकळून प्यायला सांगितलं, ते मावशीला झोंबलं. त्याच पाण्यावर तिची चार बाळंतपणं निभावली होती. तिने मला बोलावलं. तू सांगशील ते खरं, म्हणाली. मी गेले तर ग्रामपंचायतीच्या माणसाने नुकतीच विहिरीत जंतू मारायची पावडर टाकलेली. त्या दिवशीचा नमुना कामाचा नव्हता. मी बाटली तिच्याकडे ठेवली, आठवड्याने खुणेपर्यंत भर, दोन दिवसांनी रंग बघ, असं सांगून निघाले.

नवव्या दिवशी तिचा फोन आला. पाणी होतं तसंच होतं. पोरीला देऊ का, तिने विचारलं.

"दे," मी म्हणाले. तेव्हा मनाने मी पुन्हा त्या कठड्यावर होते, खाली ढग सरकत होते. दुसरं काही विचारायचं मला सुचलंच नाही.

रविवारी पाड्यावर गेले. मावशीने तांब्याभर पाणी दिलं. गार, गोड. शेजारी बहीण पोटावर हात ठेवून तेच पीत होती. मग मावशीने मला बाटली परत दिली. ती आरशासारखी लख्ख होती.

"तलाला काय तरी भुरकाट चिकटलेला," ती कौतुकाने म्हणाली. "राखंनी घासली, मंगच भरली."

दुसऱ्याचं भांडं घासल्याशिवाय भरायचं नाही, ही तिच्या घरची रीत. ते भुरकट म्हणजेच तपासणीचं औषध होतं. बाटली धुवायची नाही, हे सांगायला मी विसरले होते. बहिणीच्या हातातला पेला मी काढून घेतला, मावशीला चूल पेटवायला लावली आणि नवी बाटली स्वतः भरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या देवघराशेजारी ती काळी पडली. मी फोन केला. बाटलीतल्या औषधाचंही सांगितलं.

"म्हंजे मी धुतली ती घाण नव्हती," मावशी म्हणाली.

बहिणीला काही झालं नाही. यात माझी हुशारी काही नाही, नशीब बलवत्तर. पुढच्या खेपेला मावशीने तांब्या पुढे केला, पण माझ्याकडे बघितलं नाही. पाव्हण्याला कोमट पाणी द्यायची पाळी आली, ती पुटपुटली. पाण्याला धुराचा वास होता. विहिरीकडे पाठ करून मी ते सगळं प्यायले.